जोडी जमवताना

नोव्हेंबर आला की मी वही काढतो. ऑस्टिनमधल्या आमच्या भाड्याच्या घरात एका खोलीत नऊ बॉल पायथन आहेत. यंदा कोणता नर कोणत्या मादीजवळ सोडायचा, हे तेव्हा ठरवायचं असतं.

हा साप मूळचा घाना, टोगो, बेनिनकडचा. भेदरला की चेंडूसारखा गुंडाळून डोकं आत लपवतो. रानात तो तपकिरी-काळा असतो. १९९२मध्ये बॉब क्लार्क यांनी पाळलेल्या सापांपासून अल्बिनो पिल्लं मिळवली आणि रंगांची शर्यत सुरू झाली. या रंगीत प्रकारांना मॉर्फ म्हणतात.

एकदा आईने व्हिडिओ कॉलवर माझी वही पाहिली. चौकोन, त्यात अक्षरं, शेजारी टक्के.

"अरे, ही तर पत्रिकाच जुळवतोयस की! आपल्याकडे निदान एक नाड तरी बघतात. तू काय बघतोस?"

"रंग," मी म्हणालो.

खरंच रंगच बघत होतो. तीन वर्षांपूर्वी एक बंबलबी नर घेतला होता. पिवळाधमक, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा. पेस्टल आणि स्पायडर ही दोन जनुकं एकत्र आली की असा साप होतो. त्याची मान किंचित डुगडुगायची. विकणारा म्हणाला, "स्पायडरमध्ये एवढं चालतंच."

मी त्याची जोडी पेस्टल मादीशी लावली. हिशोब सोपा होता. प्रत्येक अंड्यात स्पायडर येण्याची शक्यता निम्मी, आणि आठातून एक किलर बी, ज्याला चांगला भाव येतो.

सहा अंडी इनक्युबेटरमध्ये ३२ अंशांवर ठेवली. दोनेक महिन्यांनी पिल्लं बाहेर आली. तीन स्पायडर निघाली, त्यातलं एक किलर बी. ते सगळ्यात आधी विकलं गेलं. दुसऱ्या एका स्पायडरचं डोकं मात्र गिरमिटासारखं फिरायचं. ते उताणं व्हायचं आणि सरळ व्हायला धडपडायचं. उंदरावर झेप घेतली की नेम चुकायचा.

मग वाचत बसलो. स्पायडरच्या प्रत्येक सापात हा दोष कमी-जास्त असतोच. २०२२मधल्या एका संशोधनात अशा सापांच्या आतल्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या नलिका विकृत आढळल्या. जाळी देणारं जनुकच तोलही बिघडवतं. जाळी ठेवून डुगडुग काढून टाकणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "नराची मान तर तुला आधीच दिसली होती ना?"

हो. दिसली होती.

यंदा एका गिऱ्हाइकाने किलर बीसाठी आगाऊ पैसे देऊ केले. घरभाडं वाढलंय, मोह झाला. दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग नाही म्हणालो.

या वेळी वहीत दुसरी जोडी आहे. दोघंही दिसायला साधे तपकिरी, पण दोघांत पाईबॉल्डचं जनुक लपलेलं. दर अंड्यामागे पांढऱ्या ठिगळांचं पिल्लू निघण्याची शक्यता चारात एक. सहा अंड्यांत एकही न निघण्याची शक्यता जवळपास १८ टक्के. तसं झालं तर वर्ष कोरडं जाईल.

बंबलबी नर आता कुठल्याच मादीजवळ जात नाही. ते वाकड्या मानेचं पिल्लू मी विकलं नाही. चिमट्याने उंदीर अगदी तोंडाशी धरतो. कधी तिसऱ्या, कधी सातव्या झेपेला त्याला तो सापडतो. तोवर हात हलवायचा नाही.