हाताला पोचेल इतकं उंच

आमच्या वस्तीतलं ग्रंथालय बाहेरून ग्रंथालय वाटतच नाही. सिमेंटची जाळी, आडव्या काचा, पुढे सदरहळ्ळी ग्रॅनाइटच्या तीन करड्या पायऱ्या. बंगळुरूत नवी आले तेव्हा कन्नड अक्षरं म्हणजे मला नुसती जिलेबी. कोपऱ्यावरच्या फुलवालीला पाटीकडे बोट दाखवून विचारलं, तर म्हणाली, ‘सार्वजनिक ग्रंथालय’. दोन महिने मी माझ्याच भाषेतल्या शब्दांखालून परक्यासारखी ये-जा करत होते!

माझ्या गावच्या वाचनालयात पुस्तकं काचेच्या कुलूपबंद कपाटांत असत. आपण काउंटरपाशी उभं राहून चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक यायचं. बहुतेक वेळा ‘बाहेर गेलंय’ एवढंच यायचं. त्यामुळे इथे पहिल्यांदा रॅकमध्ये थेट हात घालताना मागून कुणी ओरडेल असं वाटत राहिलं. कुणी ओरडलं नाही.

हा मोकळेपणा ज्यांनी आयुष्यभर लावून धरला ते शि. रा. रंगनाथन याच शहरात शेवटपर्यंत होते. १९६२ साली त्यांनी इथे ग्रंथालयशास्त्राचं संशोधन-प्रशिक्षण केंद्र उभं केलं आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांची पाच सूत्रं १९३१ची. पहिलंच सूत्र, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. एवढं साधं वाक्य. पण त्यावर बोलताना ते युरोपात साखळीला बांधलेल्या जुन्या ग्रंथांपासून निघतात आणि थेट फर्निचरवर येतात. रॅक किती उंच? तर साधारण उंचीच्या माणसाने जमिनीवर उभं राहून हात वर केला की पोचेल, तेवढाच. शिडी लागली की ते कोठार झालं. मला वाटतं, ग्रंथालयाचं सगळं वास्तुशास्त्र त्या एका हातात आलं. माझी उंची पाच फुटांना जेमतेम टेकते, म्हणूनही असेल.

कब्बन पार्कातली लालभडक इमारत मला आवडते. कुणाला आवडणार नाही? १९१५ची, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ बांधलेली. आज तिथे राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पण तिच्या खांबांमधून आत जाताना पदर सारखा करावासा वाटतो. स्मारकापुढे माणूस जरा आवरूनच जातो. वस्तीतल्या ग्रंथालयात लोक भाजीची पिशवी घेऊन येतात. कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर द्यावा लागतो, रुपयामागे सहा पैसे. आपल्याकडे महाराष्ट्रात १९६७च्या ग्रंथालय कायद्यात असा उपकर नाही. आपली वाचनालयं वर्गणीवर आणि अनुदानावर चालतात. इथे मात्र त्या तीन पायऱ्यांत फुलवालीच्या घरमालकाचेही पैसे आहेत. फुलवाली दुपारी तिथेच टेकते.

खरं वाचन त्या पायऱ्यांवरच चालतं. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर, त्यामुळे मे महिना सोडला तर बाहेर बसवतं. सकाळी पेपर घेऊन आजोबा मंडळी, दहानंतर स्पर्धा परीक्षांची मुलं. मधली पायरी सगळ्यांच्या बसण्याने गुळगुळीत झालीय. जाळीतून आलेलं ऊन आत टेबलांवर चौकोन मांडतं आणि मुलं त्या चौकोनांबरोबर खुर्च्या सरकवत दुपार काढतात.

नव्या दालनात मात्र रॅक छतापर्यंत नेलेत. फोटोत ते झकास दिसत असतील. वरच्या दोन फळ्यांवर धूळ आहे, कारण तिथे कुणाचा हातच पोचत नाही. परवा एका मुलीने लोखंडी स्टूल फरफटत आणलं आणि अख्खं दालन दचकलं. ‘सद्दु माडबेडि,’ ग्रंथपाल म्हणाले. आवाज नको. मुलगी ओशाळली, स्टूलावर चढली, जाडजूड पुस्तक काढलं आणि मलाही विचारलं, आँटी, तुम्हाला वरचं काही हवंय?

आज गेले तर ग्रंथपाल तेच स्टूल उलटं करून बसले होते. शेजारी सायकलची जुनी ट्यूब आणि कात्री. तीन पायांना रबर चढलं होतं, चौथ्याचा तुकडा ते मापून बघत होते.