प्रीती आणि भीती

चित्रपटाविषयी मत देण्यास कोणताही अधिकार लागत नाही, ही त्या कलेची मोठीच सोय म्हटली पाहिजे. गाण्याच्या बैठकीतून उठून आलेला मनुष्य रागाचे नाव ठाऊक नसेल तर गप्प बसतो. काव्याविषयी बोलतानाही तो चारचौघांचा अंदाज घेऊन बोलतो. चित्रगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक मात्र पायऱ्या उतरता उतरताच निकाल देऊन मोकळा होतो, आणि त्या निकालावर अपील नसते. मी अशाच हौशी न्यायाधीशांपैकी एक आहे. वर्षाकाठी पाचसहा चित्रपट. त्यांतले एकदोन नगरास किंवा बार्शीस मोठ्या पडद्यावर आणि उरलेले घरीच, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, मुलीने पुण्याहून केलेल्या शिफारशींवरून पाहिलेले. एवढ्या भांडवलावर मी पुढील मते मांडणार आहे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात पंचवीस-तीस वर्षे गेल्यामुळे शोकांतिका म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांस दरसाल सांगत असतो. पण चित्रगृहातल्या अंधारात त्या ज्ञानाचा फारसा उजेड पडत नाही.

आमच्या घरात चित्रपटांवरून दोन पक्ष पडले आहेत. मला भयपट आवडतात. सौभाग्यवतीचा पक्ष प्रेमपटांचा. भयपट लागला म्हणजे ती डोळ्यांवर हात धरते, परंतु बोटांत फट ठेवावयास विसरत नाही. आणि प्रेमपट लागला म्हणजे मी वर्तमानपत्र उघडतो, पण पान उलटीत नाही. तेव्हा दोन्ही प्रकारचे चित्रपट आम्ही दोघांनीही शेवटपर्यंत पाहिलेले आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

भयपटांविषयी माझी पहिली तक्रार अशी की, त्यांतले बहुतेक आपणांस दचकवितात, भिववीत नाहीत. दार करकरते, मांजर उडी मारते, वाद्ये एकाएकी कानठळ्या बसवितात, आणि प्रेक्षक खुर्चीतून चार बोटे वर उडतो. याला भयानक रस म्हणावयाचे असेल तर कांदा चिरताना येणाऱ्या आसवांना करुणरस म्हणावे लागेल. खरी भीती चित्रगृहात वाटतच नाही. ती आपल्याबरोबर घरी येते, आणि मध्यरात्री पाणी पिण्यास उठलेल्या माणसाला माजघराच्या उंबऱ्याशी गाठते.

या कसोटीस उतरलेला चित्रपट म्हणजे राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’. त्याची भाषा हिंदी. परंतु वाडा, पाऊस, देवघर आणि हाव ही सारी मराठी मुलखातली. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेले आणि भयाचे बीज नारायण धारपांच्या कथेतले. हस्तर नावाचा एक देवपुत्र, सोन्याला लोभावलेला व अन्नाला कायमचा मुकलेला. त्याला कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याच्याजवळच्या मोहरा लांबविण्याचा नायकाचा धंदा आहे. हस्तर पाहून मी दचकलो, नाही असे नाही. पण भ्यालो ते दुसऱ्याच प्रसंगी. बाप आपल्या पोराला तो धंदा शिकवितो; खाली कसे उतरावे, बाहुली केव्हा पुढे करावी, हात किती चपळाईने चालवावा, हे सारे तो ज्या शांतपणाने सांगतो, त्याच शांतपणाने एखादा सोनार आपल्या मुलाच्या हाती फुंकणी देत असेल. त्यात कोठेही दुष्टपणा नाही, माया आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात हा चित्रपट आला तेव्हा लोकांनी त्याची फारशी कदर केली नाही, आणि २०२४ च्या सप्टेंबरात तोच पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक पैसे मिळवून गेला. सोन्याच्या मोहरा विहिरीतून जपून काढाव्यात, तसाच काहीसा हा प्रकार झाला.

त्याच वर्षी आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ आला. त्यात भीती आणि प्रीती एकाच पानात वाढलेली आहेत. कोकणातला एक बटू आपल्याहून मोठ्या मुलीवर अनुरक्त होतो, ती मिळावी म्हणून काळ्या विद्येच्या नादी लागतो, त्यातच मरतो, आणि मुंजा होऊनही लग्नाचा हट्ट सोडीत नाही. चित्रपट हसविण्यात अधिक रमतो, आणि संगणकाने घडविलेले ते भूत काही वेळाने घरातल्या व्रात्य मुलासारखे ओळखीचे होऊन जाते. तथापि मुंजा हा विषयच मला जवळचा. आमच्याकडे पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेला धोंडा असला की तो बहुधा मुंजाबा असतो. त्याला नारळ फोडतात आणि तिन्हीसांजेला त्या बाजूस लहान मुलांना पाठवीत नाहीत. मुंज झालेली आणि सोडमुंज राहिलेली, अशा मधल्या अवस्थेत जो मुलगा गेला, तो मुंजा. ही व्याख्या नीट वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्याची मुंजच व्हावयाची नाही, त्याला मेल्यावर मुंजा होण्याचाही अधिकार नाही. ब्रह्मसमंध व्हावयाचे तर त्यासाठीही ब्राह्मणाचा जन्म लागतो. आपल्या भुतांनासुद्धा जाती आहेत, आणि त्या त्यांनी मेल्यावरही सोडलेल्या नाहीत.

हिंदीतला पहिला गाजलेला भुताचा चित्रपट म्हणून ‘महल’चे नाव घेतात. तो १९४९ सालचा. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण मुलीच्या कृपेने तोही पाहून झाला. त्यातले भूत भूत नसतेच. हवेलीच्या माळ्याची मुलगी पूर्वजन्मीच्या प्रेयसीचे सोंग घेऊन मालकासमोर वावरत असते. समीक्षक त्यातील छायाप्रकाशाची स्तुती करतात, ती योग्यच आहे. मला मात्र दुसरेच काही दिसले. माळ्याच्या मुलीने मालकावर प्रेम करावयाचे तर तिला आधी मरावे लागते, निदान मेल्याचे नाटक करावे लागते. जिवंतपणी ती दृष्टीच्या टप्प्यात येतच नाही!

काळ्या विद्येवरून ‘फँड्री’ची आठवण झाली. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्यातला जब्या हा कैकाडी मुलगा शाळेतल्या शालूवर जीव टाकतो, आणि काळ्या चिमणीची राख तिच्या अंगावर पडली की ती वश होईल, या समजुतीने गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. मुंजा आणि जब्या यांचे वय जवळजवळ एक, वेड एक, उपायही एकाच जातीचे. एकाची गोष्ट भयपट झाली. दुसऱ्याच्या गोष्टीत भूत नाही; डुक्कर पकडताना हसणारा गाव आहे. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड पडद्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याच दिशेने येतो. तो दगड पाहून चित्रगृहात कोणी खुर्चीतून उडाले नाही. पण दहाबारा वर्षे झाली, तो माझ्या बाबतीत अजून खाली पडलेला नाही.

येथे माझ्या गावाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. खर्डा हे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. १७९५ च्या मार्चात मराठ्यांनी येथे निजामाचा पराभव केला. सारे सरदार एका निशाणाखाली लढले, अशी ती शेवटची मोठी लढाई. निजाम ज्याच्या आश्रयाला आला तो निंबाळकरांचा किल्ला अद्याप उभा आहे. बाहेरगावी कोणी गाव विचारले आणि मी खर्डा म्हणालो, की पूर्वी विचारणारा “लढाईचे ना?” म्हणे, किंवा विनोदी असला तर मिरचीच्या खर्ड्याची चौकशी करी. २८ एप्रिल २०१४ नंतर विचारणारा काही वेळ गप्प राहू लागला. त्या दिवशी आमच्या गावात सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या मानलेल्या जातीतील मुलीशी तो बोलतो, या रागातून तो झाला, असा आरोप होता. २०१७ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. कित्येक साक्षीदार आपल्या जबाबावर टिकले नव्हते. ‘फँड्री’ येऊन तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. याहून अधिक मी त्याविषयी लिहिणार नाही. त्या मुलाला मुंजाबा करून पारावर कोणी बसविलेले नाही, एवढेच सांगतो.

त्यानंतर बरोबर दोन वर्षे आणि एक दिवस, म्हणजे २९ एप्रिल २०१६ रोजी, मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला. त्याची कथा शेजारच्या करमाळ्याच्या बाजूची. भाषा आमची, विहिरी आमच्या, उसाचे फड आमचे. सौभाग्यवतीच्या पक्षाचा चित्रपट म्हणून मी तो पाहावयास गेलो. पूर्वार्ध मला लांबलेला वाटला. प्रेमिकांची धाव इतकी संथ करून दाखवावयाची काय गरज, असे मी कुजबुजलोही. उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडपट्टीत दोघांचा संसार लागतो, मूल होते, स्वतःच्या घराचे बेत सुरू होतात. आणि मग माहेरची माणसे येतात. ती रात्री येत नाहीत, दार करकरत नाही, वाद्ये वाजत नाहीत. ती दिवसाढवळ्या, आईने पाठविलेला आहेर घेऊन येतात. अर्ची त्यांच्यासाठी चहा ठेवते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले पोर परत येते तेव्हा पडद्यावरचा सारा आवाज बंद झालेला असतो, आणि ते तान्हे रडत बाहेर जाते त्याच्या पावलांचे तांबडे ठसे उमटत जातात.

सौभाग्यवतीचे हात मांडीवर होते. डोळ्यांवर न्यावेत हे तिला सुचले नाही. गेल्या दहाबारा वर्षांत मी पाहिलेला सर्वांत मोठा भयपट हाच. त्यात भुताचा वास असलेला वाडा नाही. एक साधा संसार आहे. त्यातला खवीस उलट्या पायांचा नाही. तो सख्खा भाऊ आहे, आणि बशीत चहा ओतून देणाऱ्या बहिणीकडे तो अगदी साध्या डोळ्यांनी पाहतो.

त्या वर्षी वर्गात ॲरिस्टॉटल शिकवीत असता मी मुलांना ‘सैराट’चे उदाहरण दिले. शोकांतिकेतल्या नायकाच्या हातून काहीतरी चूक घडते व तीच त्याच्या नाशाला कारण होते, हे सांगून मी विचारले की, येथे चूक कोणती? मुले काही वेळ बोलली नाहीत. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, तिनं आईला फोन केला.”

तिला मी बसावयास सांगितले आणि पुढचा परिच्छेद वाचू लागलो. तिच्या उत्तरात शिकविण्यासारखे काही राहिले नव्हते. आईला फोन करणे ही चूक ठरते, हे पुस्तकी ज्ञान नव्हे. ते तिने कोठून आणले होते हे वर्गातल्या प्रत्येकाला समजत होते.

‘सैराट’ने शंभर कोटींचा पल्ला ओलांडला, असा बोलबाला झाला. ‘झिंगाट’ हे त्यातले गाणे त्या उन्हाळ्यात प्रत्येक वरातीपुढे वाजत होते. पत्रिका, पोटजात, शेती आणि नोकरी पाहून ठरलेल्या लग्नांच्या मांडवांपुढे, ज्यांना तसल्या प्रेमाची कल्पनाही सहन झाली नसती असे कित्येक काका-मामा त्या गाण्यावर फेटे उडवीत नाचले. कोणाचाही ढोंगीपणाचा उद्देश नव्हता. गाणे आनंदाचे होते, आणि ते चित्रपटाच्या पूर्वार्धातले होते.

मुलीच्या आग्रहाने २०२५ साली ‘सैयारा’ पाहिला. तरुण मंडळी चित्रगृहात हुंदके देऊन रडत असल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. गायक होऊ पाहणारा एक तरुण आणि एक लेखिका. तिला तरुण वयातच स्मृतिभ्रंशाचा आजार जडतो, आणि ती त्यालाच विसरू लागते. अभिनय चांगला, गाणी कानाला गोड. तरी मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले, आणि मध्यंतरानंतर ते सापडले. त्या दोघांना शेजारीच नाहीत! कोणी खिडकीतून डोकावत नाही, कोणी आडनाव विचारीत नाही, कोणी वडिलांच्या कानावर घालीत नाही. दैवाखेरीज त्यांना शत्रू नाही. मुलीस हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तुम्ही खर्ड्याचे चष्मे लावून सगळे चित्रपट पाहता.” असेल. डोळ्यांच्या वैद्याने लिहून दिलेला चष्मा बदलता येतो. हा गावातच मिळाला आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ प्रदर्शित झाला. जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला मोठे पारितोषिक मिळाले होते, म्हणून उत्सुकता होती. आम्ही दोघांनी तो पुण्यास पाहिला. वडील वारल्यामुळे आनंद मुंबईहून गावी येतो. दहा दिवसांच्या सुतकात पायांत वहाणा घालावयाच्या नाहीत, अमुक खावयाचे नाही, तमुक करावयाचे नाही, आणि येणारा प्रत्येक नातेवाईक मात्र त्याच्या लग्नाची चौकशी करून जातो. तेथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. बाळ्या शेळ्या राखतो. या दोन पुरुषांची ती प्रेमकथा आहे. ती इतकी संथ आहे की, झाडाखाली दोघे नुसते बसलेले असताना चित्र हलते आहे की नाही असे वाटावे. आनंदच्या आईला सारे ठाऊक आहे. ती कोणताही मोठा संवाद न बोलता मुलाची बाजू सांभाळून घेते. अशी आई पडद्यावर मी क्वचितच पाहिली आहे. संथपणाविषयी एरवी मी तक्रार केली असती. या वेळी मला तेवढी सवडच झाली नाही. कारण दोघे कोठेही बसले, की माझे लक्ष चित्राच्या कडेकडे, वाटेकडे, झाडांच्या मागे लागलेले असे.

रिक्षात बसल्यावर सौभाग्यवती बराच वेळ बाहेर पाहत होती. मग म्हणाली, “अहो, शेवटपर्यंत कोणीच आले नाही.”