द्राक्षांचे वर्ष

'बेदाणा' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच. 'बे' म्हणजे विना आणि 'दाना' म्हणजे बी. ज्याला तुम्ही घरी अंगूर म्हणता, ते मराठीतले द्राक्ष. ते वाळवले की बेदाणा होतो.

आमची द्राक्षबाग नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. आमच्याकडे लोक सालाचा आकडा फारसा सांगत नाहीत. 'ते गारांचे वर्ष', 'ते थंडीचे वर्ष' असेच म्हणतात.

वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. नाव किती गोड आहे पाहा! एप्रिलनंतर नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते. त्या दिवसांत आभाळ सतत ढगाळ राहिले, तर घड कमी येतात. म्हणजे वेलीवर एकही द्राक्ष दिसत नसते, तेव्हाच हवामान आपला हिशेब मांडू लागते.

पुढे वेल फुलोऱ्यात असताना पाऊस आला, तर फुले गळतात, घड कुजतात. ढगाळ, दमट हवेत डाऊनी आणि भुरी हे रोग पसरतात. शेतकरी पहाटे उठून औषध फवारतो आणि तासाभरात सर आली, की औषध धुऊन जाते. पैसेही धुऊन जातात!

निफाडची थंडीही प्रसिद्ध आहे. कडाक्याच्या थंडीत मणी फुगत नाहीत. मग रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि पहाटे विहिरीचे कोमट पाणी सोडायचे.

पण गारांपुढे कोणाचे काय चालणार? २०१४ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपीट झाली. आमच्या बागेचा सौदा झाला होता, तोडणीला चारच दिवस उरले होते. गारा थांबल्यावर काका बागेत गेले. फुटलेल्या मण्यांचा चिखल झाला होता. व्यापारी पुन्हा फिरकला नाही. त्याला तरी दोष कसा द्यावा? बँकेचा हप्ता थकला, चुलतबहिणीचे लग्न पुढे ढकलले. तरीही एप्रिलमध्ये काकांनी उसने पैसे आणून खरडछाटणी केली. छाटणी चुकवली, तर पुढचे वर्षही हातचे जाते.

आता काही शेतकरी बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात. ते फार महाग पडते. काकांनी एका एकरावर घातले आहे. उरलेल्या दोन एकरांसाठी ते अजून आभाळाकडेच पाहतात.