बाभळीवरचे घरटे

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सिद्धार्थ आणि जखमी हंसाची नाटिका होत असे. सातवीत असताना मला देवदत्ताची भूमिका मिळाली, कारण गलोल चालविण्यात माझा हात धरणारा वसतिगृहात दुसरा कोणी नव्हता. (नाटिकेत बाण होता, पण गुरुजींना नेमबाज हवा होता.) त्याच वर्षीच्या, म्हणजे १९७४ च्या सुटीतील एक दिवस मी आजवर कोठे लिहिला नाही.

मृगाचा पाऊस झाला होता. शाळा उघडण्यास चार दिवस उरले होते. आबांनी, माझ्या आजोबांनी, उसनवारीच्या बियाण्यावर भुईमूग पेरला होता. दाणा फुगून वर येऊ लागला की कावळे तासातासाने चालत तो उकरून काढतात. आबा गोफण फिरवीत, कावळे बांधावरच्या बाभळीवर जात आणि पुन्हा उतरत. "एक मारून टांगला, की बाकीचे यायचे न्हाईत," आबा म्हणाले.

कावळ्याइतका सावध पक्षी नाही. माणूस दगडासाठी वाकला तरी तो उडतो. दुपारपर्यंत आम्ही दबा धरून बसलो आणि त्या वेळात आबा बोलत राहिले. त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सावकाराचे राहिलेले देणे मी फेडीन, असे त्यांनी हात जोडून कबूल केले, तेव्हा कावळा उतरला. त्या शब्दापायी त्यांची सात वर्षे सावकाराच्या वाड्यावर गेली. "कावळ्याला सावकाराचा कागद कसा वाचता आला रं?" म्हणून ते हसले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी दीक्षा घेतली. श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा त्यांच्याइतक्या सुटकेने क्वचितच कोणी उच्चारली असेल. कावळ्याचे भय त्यांच्या मनातून त्या दिवशी गेले ते गेलेच.

उन्हे कलताना माझा खडा लागला. कावळा तासात पडला, एक पंख पसरून. आबांनी पाठ थोपटली, मला अभिमानही वाटला. मग आकाश काळे झाले. कोठून आले कोण जाणे, पन्नासएक कावळे डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले. ते पांगल्यावर बाभळीवरून एक बारीक, चिकट आवाज ऐकू आला. मी वर चढलो. काटक्यांच्या आणि तारेच्या घरट्यात लाल तोंड उघडून एक पिल्लू बसले होते. ते कावळ्याचे नव्हते, कोकिळेचे होते. ज्याचे नव्हते त्यालाही तो कावळा भरवीत होता.

मी आबांना सांगितले. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. कावळा टांगण्यासाठी आणलेली काठी त्यांनी बाजूला ठेवली आणि खुरप्याने बांधाशी खड्डा केला. पिल्लाला मी भिजवलेली भाकरी भरवून पाहिली. दुसऱ्या दिवशी घरटे गप्प होते.

शाळेत सोडण्यास आबा आले, ते संध्याकाळच्या वंदनेला थांबले. पहिले शील म्हणताना माझा आवाज फुटेना. शेजारी आबांचाही थांबला होता. इतर मुले पुढे म्हणत गेली. दुसऱ्या शीलाला आम्ही दोघे त्यांच्यात मिसळलो. गलोल मी पेटीतून काढून आबांच्या पिशवीत टाकली होती. त्यांनी ती पाहिली, काही म्हणाले नाहीत.

पुढे शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेले त्यांचे पोस्टकार्ड आले. बियाणे दोन ठिकाणी पुन्हा टोबावे लागले होते. खाली लिहिले होते: 'तुझा जुना सदरा बुजगावण्याला घातला आहे. कावळे येतात, पण लांब बसतात.'