पायांची होडी की हातांची?

मायामीहून दक्षिणेला निघावे, होमस्टेड गाव मागे टाकावे, म्हणजे एव्हरग्लेड्सचे राष्ट्रीय उद्यान लागते. हे उद्यान १९४७ सालचे. दारापासून रस्ता ३८ मैल जातो आणि फ्लेमिंगो येथे पाण्याशी येऊन संपतो. समोरचा फ्लोरिडा बे पाहून कोकणच्या माणसाला हसूच यावे! नाव समुद्राचे, पण पाणी पुष्कळ ठिकाणी जेमतेम कमरेइतके. तळाशी गवत, मधे चिखलाचे बांध, काठाला आपल्या तिवरांचे भाऊबंद. मगर आणि तिची चुलतबहीण अ‍ॅलिगेटर, दोघी या मुलखात शेजारधर्माने नांदतात.

अशा पाण्यात मासे धरायला कयाक बरी. ही मूळची उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशातील इन्युइट शिकाऱ्यांची, सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली, आताची प्लॅस्टिकची. माझ्या पुतण्याकडे दोन आहेत, एक वल्ह्याची आणि एक पेडलची. "काका, तुम्ही कोणती घेता?" असे त्याने विचारले, आणि दोन दिवस आम्ही दोन्ही फिरवून पाहिल्या.

पेडलचे मोठे सुख म्हणजे हात मोकळे राहतात. होबी कंपनीने १९९७ साली काढलेल्या यंत्रात पाय मारले, की होडीखाली पेंग्विनच्या पंखांसारखी दोन पाती डावी-उजवीकडे हलतात. मासा गळाला लागला, की वल्हेवाल्याची त्रेधा उडते. वल्हे मांडीवर ठेवावे, तर वारा होडी तिवरात नेऊन घालतो. पेडलवाला दोन्ही हातांनी गळ सांभाळतो आणि पायांनी होडी आवरतो. दुपारी परतताना समोरून वारा सुटला, तेव्हा मांड्यांचे बळ खांद्यांपेक्षा किती अधिक असते, तेही समजले.

दुसऱ्या दिवशी मात्र तिवरांमधल्या अरुंद वाटेत शिरलो. तेथे पात्यांना गवत गुंडाळू लागले, तळ लागू लागला. वल्ह्याची होडी वीतभर पाण्यातूनही गुपचूप सरकली. शिवाय ती हलकी आणि स्वस्त. पेडलची मोटारीच्या टपावर चढवायला दोघे लागले.

तेव्हा उघडे पाणी, वारा आणि पन्नाशी उलटलेले खांदे असतील तर पेडल. उथळ, अरुंद वाटा असतील तर वल्हे. मासे कुठे धरायचे ते आधी ठरवावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी. पेडलची घेतली, तरी एक वल्हे जवळ असू द्यावे. यंत्र अडले, तर घरी आणणार तेच.