माणदेशाच्या वाटेवरचे मुक्काम

सिडकोने वसवलेले कामोठे सायन–पनवेल महामार्गाला लागून आहे. शेजारच्या कळंबोलीतून मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि पनवेलच्या पुढे पळस्प्याला गोव्याचा महामार्ग फुटतो, त्यामुळे येथील कुटुंबांची सुट्टी आपसूकच लोणावळ्याकडे किंवा कोकणाच्या किनाऱ्याकडे वळते. प्रस्तुत प्रवासातील कामोठ्याच्या दांपत्याने मात्र दिवाळीनंतरच्या सुट्टीसाठी घाटमाथ्यापलीकडचा कोरडा मुलूख निवडला. गाडीत तंबू, ताडपत्री, पाण्याचे कॅन, गॅसची छोटी शेगडी आणि पीठमीठ घेऊन सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा माणदेश, म्हणजे माण नदीच्या खोऱ्यातील दहिवडी, गोंदवले, म्हसवडचा प्रदेश, उघड्या माळावर मुक्काम करत पाहावा, असा त्यांचा बेत होता.

पनवेल आणि माणदेश या दोन टोकांमधील फरक समजण्यासाठी पाऊस समजून घ्यावा लागतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी पश्चिम उतारावरच टाकून मोकळे होतात; डोंगराच्या पूर्वेला त्यामुळे जो कमी पावसाचा पट्टा राहतो त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पनवेलच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण तालुक्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो, आणि तोही भरवशाचा नसतो. बोरघाट चढून पुण्याबाहेर पडल्यावर, दिवे घाट ओलांडून सासवड मागे टाकताच, हिरवा रंग विरत जातो आणि कुसळी गवताचा पिवळट माळ दोन्ही बाजूंना पसरू लागतो.

सासवड–जेजुरी–लोणंद–फलटण हा रस्ता आषाढात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर तो दुसऱ्या दोन प्रवाहांचा असतो, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पूर्वेकडे निघालेल्या या दांपत्याला समोरून जे भेटत होते ते सगळे पश्चिमेकडे चालले होते: मेंढरांचे कळप घेऊन धनगर, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या आणि लेकरे घेऊन ऊसतोड कामगार.

धनगरांच्या फिरत्या मुक्कामाला वाडा म्हणतात. त्यात एकत्र चालणारी काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, बिऱ्हाड वाहणारी तट्टे आणि राखणीची कुत्री येतात. फलटण, माण, खंडाळा या भागातील अनेक वाडे दिवाळीनंतर सह्याद्री उतरून कोकणात जातात, कारण तेथे भाताची कापणी झालेली असते आणि रिकाम्या खाचरांत चारा मिळतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना परतावेच लागते, कारण दख्खनी मेंढी कोरड्या हवेची असल्याने कोकणातील संततधार आणि चिखल तिला सोसत नाही, खुरे सडतात. जेजुरीचा खंडोबा, वीरचा म्हस्कोबा, आरेवाडीचा बिरोबा ही दैवते आणि मेंढपाळांच्या वाटा यांचा संबंध जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी गावोगाव हिंडून उलगडला. 1976 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ महाराष्ट्राला स्वतःच्याच एका अंगाची ओळख करून देणारा ठरला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

फलटणच्या अलीकडे, शेतकऱ्याची परवानगी घेऊन, दांपत्याने ओढ्याकाठच्या सखल जागी तंबू लावायला घेतला, तेव्हा तंबूसोबतच्या हलक्या खुंट्या मुरमात दोन बोटेही शिरेनात. वरच्या पडीक रानात वाडा उतरत होता. तेथून एक वयस्क बाई पहार घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, “हितं नका ठोकू ताई, ओढ्याला गारठा उतरतो. वर या आमच्याजवळ.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते: निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची थंड हवा जड असल्याने उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते, आणि अवघ्या दोन-तीन पुरुष उंचीच्या फरकाने रात्र सुसह्य किंवा असह्य होते. वर गेल्यावर बाईंनी पहारीने आधी भोक पाडून मग त्यात खुंटी तिरकी कशी बसवायची, ते एकदाच करून दाखवले.

वाडा उभा राहण्याची रीत जवळून पाहण्यासारखी होती. पुरुष मेंढरे चारून अजून परतायचे होते. तोवर बायकांनी तट्टांवरचे ओझे उतरवले, तीन दगडांची चूल मांडली, आणि वाघर, म्हणजे मेंढरे रात्री कोंडून ठेवण्याची जाळी, लाकडी खुंटांवर गोलाकार ताणली. कोकरे आधीच वेगळ्या जाळीखाली होती. शेतकरी या मुक्कामाबद्दल वाड्याला धान्य किंवा पैसे देतो, कारण रात्रभर बसलेल्या मेंढरांच्या लेंड्या आणि मूत हे त्याच्या रानाला मिळालेले खत असते. सामान हलके, आग लहान, आणि सोडलेली जागा आधीपेक्षा सुपीक: शहरातून तंबू घेऊन निघणाऱ्यांसाठी जी पथ्ये सांगितली जातात ती येथे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली आहेत. भाकरी आणि ठेचा पुढे करताना बाईंनी पाहुण्यांचे गाव विचारले, आणि पनवेलचे नाव निघताच तेथील बरीच रानेच आता राहिली नाहीत, सगळीकडे इमारती झाल्या, असे त्या सहज बोलून गेल्या.

कळपांच्या वाटा अशा बुजू न देण्याची रीत इतरत्र आहे: ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांत गुरांचे कळप चालवण्यासाठी सरकारी मालकीचे रुंद चराऊ पट्टे राखलेले आहेत. दुष्काळात तेथील पशुपालक गुरे घेऊन याच पट्ट्यांवर निघतात. आपल्याकडे रस्ते चौपदरी होत आहेत, गायराने आकसत आहेत, आणि कळपांनी मालमोटारींच्या कडेने चालायचे आहे. पालखीसाठी रस्त्याचा विचार होतो तसाच तो मेंढरांसाठीही व्हायला हवा. हा काही उपकार नव्हे, वहिवाटीचा हक्क आहे.

ऊसतोड्यांशी गाठ पडली ती फलटणच्या बागायती पट्ट्यात, नीरेच्या कालव्यांवर पोसलेल्या उसाच्या फडाजवळ. बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डीच्या बाजूने आलेल्या या टोळ्यांमध्ये पती-पत्नीच्या जोडीला कोयता म्हणतात, मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या हिशोबाने ठरते, आणि एकाने जरी सुट्टी घेतली तरी खाडा म्हणून पैसे कापले जातात. बांबू, ताडपत्री आणि पाचटाच्या कोप्या रांगेने उभ्या होत्या. पहाटे अंधारातच बायका भाकऱ्या थापून फडाकडे निघाल्या. एका तरुण जोडप्यातील नवरा ऊस तोडत होता, बायको तो साळून मोळ्या बांधत होती, आणि बांधावर लुगड्याच्या झोळीत मूल झोपले होते. कोप्यांत राहणारी ही जोडपी पाहिल्यावर स्वखुशीने उघड्यावर राहण्याची मुभा किती मोठी आहे, याची जाणीव प्रवासी दांपत्याला झाली आणि तेथे फोटो काढण्याचे त्यांनी टाळले.

मोगराळे घाट चढून दहिवडी, गोंदवले करत म्हसवड गाठेपर्यंत वस्ती विरळ होत गेली. म्हसवडजवळ भेटलेले एक निवृत्त शिक्षक दांपत्य स्वतःच्या जीपमधून, मागे गादी टाकून, याच मुलखात हिंडत होते. त्यांच्याकडून पाण्याच्या जागा कळल्या, आणि 2012 च्या दुष्काळातील चारा छावणीची हकिगतही. विहिरी आटल्यावर गावोगावची कुटुंबे जनावरे घेऊन छावणीत राहायला आली. प्रत्येक दावणीशेजारी ताडपत्रीचा आडोसा, घरटी कोणीतरी रात्री जनावरांपाशी, टँकरचे पाणी आणि मोजून मिळणारा चारा, असे ते महिनोन्‌महिने चालले. शिक्षकांच्या घरच्या दोन म्हशी तेथेच वाचल्या. त्या काळात छावणीतील मुले शाळेत हजर राहत, पण दुपारी वैरण घालण्यासाठी त्यांना घरी नव्हे तर छावणीकडे सोडावे लागे, आणि हजेरीपटात त्याची नोंद कशी करायची हा प्रश्न आपण वरिष्ठांना न विचारताच सोडवला, असे त्यांनी सांगितले.