गोदामामागची होडी

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर एका मदतसंस्थेने वसईच्या खाडीकाठी असलेल्या आमच्या धर्मग्रामाला ॲल्युमिनियमची एक बारा फुटी होडी दिली होती. मी तेथे बदलून आलो तेव्हा ती गोदामामागे उपडी पडलेली होती. अंगावर शेवग्याचा पाचोळा आणि पोटाखाली मांजरीची पिले. रोज संध्याकाळी रोझरीची माळ ओढीत मी तिच्यावरून जात असे. ‘एकदा हिचे काहीतरी करायला हवे’ असे मनाशी म्हणत असे आणि पुढच्या रहस्याकडे वळत असे.

२०१८ च्या जुलैमध्ये वसईत पाणी तुंबले. मिठागराकडील एका घरात नव्वदीकडे झुकलेल्या आजी तापाने फणफणल्या होत्या. त्यांच्या मुलाने आणि शेजाऱ्यांनी ट्रकच्या ट्यूबवर दार बांधले व त्यावरून त्यांना गळाभर पाण्यातून बाहेर काढले. त्यात अर्धा दिवस गेला. तीन आठवड्यांनी आजी देवाघरी गेल्या. तो उशीर त्यांना भोवला की वय, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. त्यांची अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली. परत येताना मात्र गोदामामागून येण्याचे धैर्य मला झाले नाही.

नाताळानंतर मी होडी उलथी केली. पाठीकडची, यंत्र अडकवण्याची लाकडी फळी हाताने कुस्करत होती. बाकांखालच्या फोमने पाणी पिऊन दगडाचे वजन धरले होते. तळाच्या कित्येक रिव्हेट सैल झाल्या होत्या. नवी होडी घ्यायची तर लाखाच्या घरात खर्च होता आणि सणाच्या शिलकीतून मला मिळाले होते दहा हजार रुपये. ‘फादर, भंगारात द्या,’ असे अनेकांनी सुचवले.

एके रविवारी आजींचा तो मुलगा आला. तो कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. होडीभोवती फिरून तो म्हणाला, ‘‘फादर, पत्रा चांगला आहे. मजुरीचे बोलू नका.’’ त्या दिवसाविषयी तो एक शब्दही बोलला नाही.

होडी गळते कोठून, हे शोधण्याची त्याची रीत मला नवी होती. वाळूची पोती आणि जुने टायर यांचा आधार देऊन त्याने होडी सरळ ठेवली आणि आत चार-पाच इंच पाणी भरले. मग आम्ही दोघे खाली वाकून थेंब पाहू लागलो. जेथे थेंब, तेथे खडूची खूण. ‘‘बाहेरून पाणी मारून कळत नाही फादर, आतून भरावे लागते,’’ तो म्हणाला. खुणा एकतीस झाल्या. आत्मपरीक्षणावर मी अनेक प्रवचने दिली आहेत. त्यांतील एकही इतके नेमके नव्हते.

सैल रिव्हेट घट्ट करायला दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा रेटून धरायचा, दुसऱ्याने आतून तिचे शेपूट ठोकायचे. ठोकळा माझ्याकडे असे. ज्या अगदी झिजल्या होत्या त्या काढून नव्या बसवल्या आणि सांध्यांत सीलंट भरले.

फळीसाठी मी पितळेचे स्क्रू आणले होते. स्वस्त मिळाले आणि गंजतही नाहीत, म्हणून. त्याने ते परत माझ्या हातात ठेवले. ‘‘पितळ गंजणार नाही फादर, पण होडीला खाईल.’’ खाऱ्या पाण्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की झिजते ते ॲल्युमिनियम. अखेर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घेतले, तेही पत्र्याला थेट न भिडतील अशा रबरी वॉशरांसह. रंगाचा खर्च मात्र वाचला. या धातूला हवा लागली की त्यावर स्वतःचाच एक पातळ थर चढतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. साधा रंग त्यावर टिकतही नाही. फोमऐवजी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी आणलेल्या रिकाम्या बाटल्या बुचे घट्ट लावून बाकांखाली बसवल्या. एकूण खर्च आठ हजार तीनशे चाळीस रुपये.

२०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा पाणी चढले. होडी बाहेर काढली तेव्हा पहिले वल्हे त्यानेच हाती घेतले. एका बाळंतिणीला आणि तिच्या तान्ह्याला घेऊन तो तासाभरात परतला. होडी ओढून घेताना मला राहवले नाही. मी म्हणालो, ‘‘ही आदल्या वर्षी तयार असायला हवी होती. चूक माझी.’’

तो बराच वेळ तळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘आईला दारावर ठेवले तेव्हा मला ही होडी आठवली होती, फादर. तुमचा राग आला होता. एकतीस रिव्हेट ठोकता ठोकता थोडा कमी झाला.’’ आणि त्याने वल्हे पुन्हा पाण्यात घातले; अजून दोन घरे बाकी होती.

आता मी दुसऱ्या धर्मग्रामात आहे. दरवर्षी मे महिन्यात त्याला फोन करतो आणि एकच विचारतो : होडीत पाणी भरून पाहिले का?